पीएचडीनंतर कंपनीत जायचंय? आधी बायोडाटा छाट

प्रबंध जमा होईपर्यंत थांबू नकोस, सहा महिने आधीच अर्ज सुरू कर. व्हायवाची, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेची, तारीख म्हणजे हापूसचा मोहर, कधी लांबेल नेम नाही.

तुझा अकरा पानी बायोडाटा पाहिला. दोन पानं पुरेत. लोटे परशुराम किंवा महाडच्या रसायन कारखान्यात छापलेले शोधनिबंध मोजत बसत नाहीत. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) स्वतः चालवलंस का, ग्रॅमवरची रिअ‍ॅक्शन किलोवर नेताना उष्णता कशी आवरशील, हे विचारतात. पहिल्या मुलाखतीत मी वीस मिनिटं प्रबंधच ऐकवला. समोरचे साहेब घड्याळ बघत होते.

आणखी चुका:
- सगळीकडे एकच बायोडाटा
- पगार विचारल्यावर ‘काहीही चालेल’

या आठवड्यात कारखान्यातल्या दोन सीनियरना फोन कर. नोकरी मागू नकोस, दिवस कसा जातो ते विचार.