अंडी मशीनमध्ये, जीव टांगणीला

घरच्या घरी मशीनवर अंडी उबवणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठले होते, त्यातले काही इथे घेतोय. बहुतेकांची ही पहिलीच खेप आहे आणि बहुतेकांचे हात पोळले आहेत. खुडूक कोंबडी नुसती बसलेली दिसते, पण तिचं काम मशीनकडे सोपवलं की ती काय काय सांभाळत होती ते कळतं.

दुकानातून आणलेली ३० अंडी लावली. आज २५वा दिवस, एकही पिल्लू नाही. मशीन खराब निघालं का? (सातपूर)

मशीनवर आळ घेऊ नका. दुकानात ट्रेमध्ये मिळतात ती अंडी लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या कोंबड्यांची असतात आणि त्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते, पण त्यात जीव धरत नाही. आता ती अंडी हलक्या हाताने बाहेर न्या आणि न फोडता पुरा. पंचवीस दिवस उबेत राहिलेलं नासकं अंडं घरात फुटलं तर दोन दिवस शेजाऱ्यांना तोंड दाखवता येत नाही.

पुढच्या खेपेला अंडी अशा घरची घ्या जिथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा मोकळा फिरतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या पाड्यांवर अशी घरं भरपूर. अंडं सात दिवसांपेक्षा जुनं नको. फ्रीजमधलं तर नकोच. मध्यम आकाराचं, स्वच्छ, तडा नसलेलं बघून घ्या आणि मळकं असेल तर धुण्यापेक्षा बाजूला ठेवा. कवचावर नैसर्गिक लेप असतो. तो पाण्याने गेला की बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. मोटारसायकलवर घाटरस्त्याने आणलेली अंडी लगेच मशीनमध्ये टाकू नका. टोकदार बाजू खाली करून रात्रभर ट्रेमध्ये स्थिर राहू द्या. धक्क्यांनी हललेली आतली हवेची पोकळी जागेवर येते.

वनराज, गिरिराजची अंडी लावणार असाल तर हे संकरित पक्षी आहेत, त्यांची पिल्लं आईबापांसारखी निघतीलच असं नाही. कडकनाथ ही शुद्ध जात आहे. नर-मादी दोन्ही कडकनाथ असतील तर पिल्लंही कडकनाथच.

डिस्प्लेवर पूर्ण वेळ ३७.५ होतं. तरी ३६ अंड्यांतून ५ पिल्लं, तीही २३व्या दिवशी आणि पायांत लुळी. (निफाड)

२३वा दिवस हाच पुरावा. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. पिल्लं दोन दिवस उशिरा आणि अशक्त निघाली म्हणजे अंड्यांना ऊब कमी मिळाली. २०व्या दिवशीच घाईघाईने निघाली असती तर ऊब जास्त झाली असं म्हटलं असतं. डिस्प्लेवर ३७.५ होतं हे खरं, पण तो आकडा सेन्सर जिथे लटकतोय तिथला. स्वस्त मशीनमध्ये सेन्सर बल्बजवळ, वर असतो. अंडी खाली असतात.

घरातला ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर घ्या, अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर आडवा ठेवा आणि दहा मिनिटांनी वाचा. पंख्याचं मशीन असेल तर ३७.५ अंश, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट दिसायला हवं. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्यावर ३८.५च्या आसपास हवं, कारण तिथे गरम हवा वर साठते आणि अंड्याची खालची बाजू गारच राहते. पाऱ्याच्या थर्मामीटरची एक गंमत आहे: चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. म्हणजे तो दाखवतो ते त्या दहा मिनिटांतलं सर्वांत जास्त तापमान. तेही ३७.५च्या खाली असेल तर तुमचं मशीन थंड चालतंय यात शंका नको. फरक निघेल तेवढा कंट्रोलरमध्ये वाढवा. चारही कोपऱ्यांत मोजा, कोपऱ्याकोपऱ्यात अंशभराचा फरक मी स्वतः पाहिलाय.

शिवाय तुमचं गाव निफाड. थंडीत पारा एक आकडी होतो तिथे. ओट्यावर किंवा खिडकीपाशी ठेवलेलं थर्माकोलचं मशीन पहाटे दमतं. आतल्या, वारं न लागणाऱ्या खोलीत, जमिनीऐवजी टेबलावर ठेवा. ऊन थेट पडेल अशी जागाही नको. अंडी लावण्याआधी मशीन एक पूर्ण दिवस रिकामं चालवून बघा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

गेल्या एप्रिलमध्ये पिल्लं तयार होऊन आतच चिकटून मेली. पाणी तर रोज घालत होतो. (नाशिकरोड)

एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, तुमच्या भांड्यातलं पाणी तिला पुरलं नसणार. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवायची. पाण्याची खोली वाढवून उपयोग नाही, पृष्ठभाग वाढवावा लागतो: पसरट ताटली, त्यात भिजवलेला स्पंज. उलट इगतपुरीकडच्या एका वाचकाने जुलैमध्ये दोन्ही खाचा पाण्याने भरून ठेवल्या आणि त्याची पिल्लं आतल्या ओलीतच गुदमरली. पावसाळ्यात तिकडे पहिले १८ दिवस बहुधा पाणी घालायचीही गरज पडत नाही.

माझा भरवसा आर्द्रतामापकापेक्षा वजनकाट्यावर. अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडतं आणि १८व्या दिवसापर्यंत वजन साधारण १२-१३ टक्क्यांनी घटलं पाहिजे. ५० ग्रॅमचं अंडं तोवर ४४ ग्रॅमच्या जवळ यावं. लावण्याआधी पाच-सहा अंड्यांवर पेन्सिलीने नंबर टाका, वजनं वहीत लिहा आणि दर सहा दिवसांनी पुन्हा मोजा. सहा दिवसांत दोन ग्रॅम घट म्हणजे गाडी रुळावर आहे. तीन ग्रॅम गेले तर पाणी वाढवा, एकच गेला तर कमी करा.

आजी म्हणते, वीज कडाडली की अंडी गार पडतात, म्हणून ट्रेमध्ये लोखंडी खिळा ठेव. हसू का ऐकू? (देवळाली)

हसू नका. खिळा ठेवा, आजी खूश होतील आणि अंड्यांचं काही बिघडणार नाही. कडकडाटाने आतला जीव मरत नाही. पण कडकडाट झाला की आपल्याकडे लाइट जाते, आणि तिथे आजीची काळजी बरोबर आहे.

लाइट गेली तर पहिली गोष्ट: झाकण उघडून बघायचं नाही. मशीनवर गोधडी टाका. शेवटच्या तीन दिवसांत असाल तर हवेची भोकं मोकळी ठेवा, तेव्हा आतली पिल्लं श्वास घेत असतात. दोन-तीन तासांनी फारसं बिघडत नाही. कोंबडीही दाणापाण्याला रोज पंधरा-वीस मिनिटं उठतेच. त्याहून लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा, अंड्यांना टेकू देऊ नका. आणि धास्तीने ऊब वाढवू नका. थोडा गारवा अंडं सोसतं, ४०च्या वरचं तापमान सोसत नाही. मशीनच्या मागे वॅट लिहिलेले असतात. घरचा इन्व्हर्टर किती वेळ खेचेल त्याचा हिशेब अंडी लावण्याआधी करा.

अंड्यात जीव आहे की नाही ते मधेच कळतं का? (पंचवटी)

कळतं. सातव्या रात्री खोलीत अंधार करा, मोबाईलच्या टॉर्चवर अंड्याची बोथट बाजू टेकवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसला तर उत्तम. नुसतंच पिवळं, स्वच्छ दिसलं तर अंडं वांझ. लाल कडं दिसलं तर जीव धरून मेला. ही दोन्ही काढून टाका. शंका आली तर राहू द्या, १४व्या दिवशी पुन्हा बघा.

२१व्या दिवशी पिल्लाने चोच मारून छिद्र पाडलं, पण सहा तास पुढे काहीच नाही. दया आली म्हणून कवच सोललं. रक्त आलं आणि पिल्लू गेलं. माझं काय चुकलं? (सिन्नर)

हे पत्र वाचून मला माझी पहिली खेप आठवली. रात्री साडेअकराला आतून बारीक चिवचिव ऐकू आली आणि मी पहाटेपर्यंत नऊ वेळा झाकण उघडलं. सतरा अंड्यांतली सहा पिल्लं निघाली. उरलेल्यांपैकी चारांची चोच कवचाबाहेर होती आणि पापुद्रा पापडासारखा वाळून अंगाला चिकटला होता. झाकण उघडलं की ओली हवा एका फुंकरीत जाते, आणि नेमकी तेव्हाच तिची सर्वांत जास्त गरज असते.

आत काय चालतं ते सांगतो. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू आधी बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. चिवचिव तेव्हाची. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या दाण्याने कवचाला टिचका पाडतं. आणि थांबतं. आपल्याला वाटतं अडकलं. पण कवचाच्या आतल्या पापुद्र्यातून रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, त्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जात असतं, आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. याला बारा तास लागतात, कधी चोवीसही. ते पुरं झालं की पिल्लू अंगाभोवती फिरत कवच गोल कापतं आणि टोपी उडवल्यासारखं वरचं टोक ढकलतं. तुम्ही सहाव्या तासाला सोललंत, तेव्हा रक्त अजून पापुद्र्यात होतं.

१८व्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं (तोवर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच कुशीवर जात नाही). ट्रेमध्ये खरखरीत कापड अंथरायचं, पाणी भरायचं आणि झाकण लावायचं. त्यानंतर काचेतून बघायचं, बस्स. पहिलं पिल्लू निघालं तरी त्याला बाहेर काढायची घाई नको. पोटात ओढलेल्या बलकावर ते दोन दिवस दाणापाण्याशिवाय सहज राहतं, आणि त्याची चिवचिव ऐकून बाकीचीही जोर लावतात. चोवीस तास उलटून गेले, चोच हलतेय पण पापुद्रा पांढरा-तपकिरी वाळलाय, असं असेल तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा. लाल रेघ दिसली की तिथेच थांबा.

पिल्लं निघाली! आता कुठे ठेवू? (मखमलाबाद)

अभिनंदन. पिसं सुकून गुबगुबीत झाली की बांबूच्या डालग्याखाली किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लंच थर्मामीटर असतात: बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, लांब कोपऱ्यात पंख पसरून बसली तर भाजतायत. मे महिन्यात दिवसा बल्ब बंदच ठेवावा लागेल.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. घोटीच्या भातगिरण्यांतलं तूस दोन इंच पसरा, पहिले दोन दिवस त्यावर गोणपाट घाला म्हणजे पिल्लं तूस खाणार नाहीत. पहिलं पाणी कोमट, किंचित गूळ घातलेलं, उथळ भांड्यात. त्यात गोट्या टाका. बुडालेलं पिल्लू मी पाहिलंय, अर्ध्या इंच पाण्यात. मग चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. मानमोडी, म्हणजे राणीखेत, यासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात घालतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची लस. कुपी शेकडो डोसची येते, त्यामुळे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून शेजारच्या कोंबडीवाल्यांबरोबर एकच दिवस ठरवा आणि लस बर्फातूनच आणा.

लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते म्हणतात. आम्ही सिडकोत फ्लॅटमध्ये राहतो, फक्त कोंबड्याच हव्यात. (सिडको)

अंड्याच्या आकाराशी काही संबंध नाही. नर की मादी हे कोंबडीच्या पोटात अंडं तयार होतानाच ठरतं आणि हिशेब साधारण निम्मानिम्मा पडतो. बारा पिल्लं निघाली तर सहाच्या आसपास कोंबडे धरा. ते चार-पाच महिन्यांत पहाटे चारला आरवायला लागतील, फ्लॅटच्या बाल्कनीतून. तेव्हा कोंबडे घ्यायला तयार असलेला गावाकडचा कुणीतरी नातेवाईक आधी गाठा, मग अंडी लावा.