खेड्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना परवडतील असे उपचार मिळावेत म्हणून काय करायला हवं? प्रत्येक जिल्ह्यात मोठं हॉस्पिटल बांधावं का?

बांधा की. कोण नको म्हणतंय? पण तुम्ही "मोठं हॉस्पिटल" लिहिलंत तिथेच माझं डोकं फिरलं, कारण त्या दोन शब्दांपायी आमचा विहिरीकडचा एकर गेला.

आमचं गाव परांडा तालुक्यात, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. आईला लग्नाच्या आधीपासून मिश्रीची सवय. 2018 च्या दिवाळीत डावीकडे खालच्या हिरडीला फोड आला. तालुक्याच्या दाताच्या डॉक्टरने दाढ काढली. जखम भरेना म्हणून लावायला जेल दिलं. मग दुसरं जेल. संक्रांतीला आई गूळपोळी दुधात कुस्करून खायला लागली तेव्हा माझ्या बायकोच्या लक्षात आलं, हिचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. दोन महिन्यांच्या वर गेले, आणि त्या माणसाला तुकडा काढून तपासायला पाठवावा असं एकदाही सुचलं नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन महिन्यांत आहे, पण ते नंतर सांगतो.

बार्शी आमच्याकडून एसटीने तासाभरावर. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल किती जणांना माहीत आहे ठाऊक नाही, पण खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची रीतसर नोंद ठेवायला देशात पहिली सुरुवात झाली ती 1987 साली बार्शीत. आम्ही आयुष्यभर त्याच रस्त्याने माल आणायला जातोय. आईची बायोप्सी तिथे झाली. गालाचा-हिरडीचा कॅन्सर. ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, सगळं सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसेल, केशरी कार्ड घेऊन या, एवढं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

घरी आलो तर ओसरीवर भावकी बसलेली आणि फोनवर दाजी. दाजी म्हणजे अक्काचे मिस्टर, पुण्यात कंपनीत सुपरवायझर. फोन स्पीकरवर होता. "कॅन्सर आहे, पडसं नाही. आत्याला बार्शीत ठेवून मारायचंय का?" चार माणसांत असं विचारल्यावर कुठला मुलगा म्हणेल, हो, बार्शीतच ठेवतो? उद्या काही बरंवाईट झालं तर पोराने पैसा वाचवला म्हणून गाव तोंडात शेण घालणार.

पुण्यातल्या त्या खासगी हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, योजना आमच्याकडे नाही, पॅकेज 3 लाख 80 हजार. आयसीयू धरून ते 5 लाख 10 हजारांवर गेलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. विहिरीकडचा एकर चुलतभावाने घेतला. त्याला माहीत होतं की आठ दिवसांत पैसे हवेत, त्यामुळे भावही त्यानेच ठरवला.

मग शेकाची पाळी आली. तीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. खेड्यातला माणूस नेमका इथे मरतो. शेक रोज दहा-पंधरा मिनिटांचा, पण त्यासाठी दीड महिना शहरात राहायचं कुठे? अक्काचं हडपसरला वन रूम किचन, त्यात तिची सासू, दोन पोरं. अकराव्या दिवशी आईने पाटीवर लिहिलं, घरी. तेव्हा जबडा अर्धा काढलेला, बोललेलं कुणाला कळत नव्हतं. ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच सांगितलं, शेक जवळ मिळत असेल तर तिकडेच घ्या, डोस तोच असतो. मी गाडी केली आणि बार्शीला आणलं.

तिथे चेहऱ्याचा साचा बनवतात. गरम पाण्यात मऊ झालेली पांढरी जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती कडक झाली की रोज तीच घालून डोकं टेबलाला अडकवतात, म्हणजे माणूस हलत नाही. पहिल्या दिवशी आईने माझा हात असा धरला की बांगडीचा वण उठला. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं, मान काळी पडली, नाकातून नळी आली. त्या नळीतून ज्वारीची पातळ आंबील सिरिंजने सोडायची, गाळून, नाहीतर नळी तुंबते. हे कुठलं मोठं हॉस्पिटल शिकवत नाही. तिथल्याच एका बाईने, तिच्या नवऱ्याला नळी होती, माझ्या बायकोला शिकवलं.

त्या सहा आठवड्यांचा हिशेब मी खताच्या कंपनीच्या फुकट मिळालेल्या वहीत लिहिलाय. शेकाचे पैसे: शून्य. एसटी, चहा, शहाळी, वरची औषधं, दुकानात ठेवलेल्या पोराचा पगार, मिळून 11 हजार 400. त्यातही औषधं तिसरा हिस्सासुद्धा नाहीत. कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत सवलत असते हे विसाव्या दिवशी कंडक्टरने सांगितलं. एकोणीस दिवस आम्ही पूर्ण तिकीट काढलं. तेव्हा महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं, आता पाच लाख आहे, आणि 2024 पासून रेशन कार्डाचा रंगही बघत नाहीत. कागदोपत्री सोय आहे. ती सांगणारा माणूस मात्र जिथे पहिल्यांदा "कॅन्सर" हा शब्द कानावर पडतो तिथे नसतो. त्या घटकेला ओसरीवर फक्त भावकी असते.

आता तुमचा प्रश्न. आधी तोंडात बॅटरी मारून बघणारा माणूस गावात हवा. तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं असं सरकारी कार्यक्रमात लिहिलेलंच आहे, कोण तपासतं ते तुमच्या गावात विचारा. उपयोग होत नाही म्हणू नका. आमच्याच जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. ज्यांची एकदाच एचपीव्ही, म्हणजे तो कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केली त्यांच्यात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 मध्ये ते जगभर छापून आलं. खेड्यातच झालं ना हे?

दुसरं म्हणजे राहायची सोय. मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेली कुटुंबं ज्याने पाहिलीत त्याला हे वेगळं सांगायला नको. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा म्हणजे उपचाराचाच भाग आहे असं मी म्हणेन, पण खोल्या किती आणि माणसं किती! केमो तर जिल्ह्यालाच मिळायला हवी, सलाइन लावायला चारशे किलोमीटर कशाला जायचं? 2025 च्या बजेटमध्ये सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे केअर सेंटर, म्हणजे दिवसा उपचार घेऊन घरी जायची सोय, काढू म्हणालेत. बघू.

आणि घरात आजार निघाला असेल तर एक करा: नुसता रिपोर्ट घेऊन फिरू नका, बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. दुसरीकडे तेच लागतात, नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागतो. रेल्वेतही सवलत आहे, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या.

दाजींचं अजून एकच पालुपद असतं, "जमीन गेली, पण आत्या राहिली ना?" राहिली. पण जबडा काढायला एकर लागला आणि बाकी सगळं अकरा हजारात झालं, यावर ते गप्प बसतात. परळचे डॉक्टर देशात शहाणे हे मलाही मान्य आहे. पण 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली हॉस्पिटलं त्यात आहेत, कुठल्या आजाराला काय द्यायचं हे सगळ्यांसाठी मिळून ठरवलेलं आहे. प्रत्येक गालाच्या कॅन्सरला मुंबई-पुणे गाठायची गरज नसते. भीती आणि घाई यांचं बिल फार मोठं येतं, आणि ते कुठल्याच योजनेत बसत नाही.

थोडं माझ्या विरुद्धही लिहितो. लहान मुलाचा कॅन्सर, रक्ताचा, हाडाचा, यात जवळचं-लांबचं करू नका, जिथे त्याची माणसं आहेत तिथे सरळ जा. आणि पुण्यात आईचं ऑपरेशन आठव्या दिवशी झालं. योजनेत मंजुरी आणि नंबर धरून किती दिवस थांबलो असतो, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. दाजी हाच मुद्दा काढतात, आणि तेव्हा मी विषय बदलतो.

शेवटच्या सिटिंगला तो साचा त्यांनी आईला दिला. आईने तो चुलीवरच्या खुंटीला टांगून त्यात लसूण भरलाय, जाळीची हवा खेळते म्हणते. दाजी दिवाळीला आले की त्या भिंतीकडे पाठ करून जेवतात. वही दुकानात गल्ल्याखाली आहे. त्यांना कधीही येऊन बेरीज तपासायची असेल तर तपासावी.