स्पॅनिशमध्ये कौतुक करताना जरा जपून

प्रत्येक गोष्टीला 'मुई बुएनो' (खूप छान) चिकटवू नकोस. जेवण आवडलं तर 'एस्ता बुएनीसिमो' किंवा 'के रिको!' म्हण, यजमानीण खूश होईल. पण नेमकी इथेच गोम आहे: 'एस्ता बुएना' पायेयाबद्दल (तिथला भाताचा पदार्थ) म्हटलं तर चविष्ट, तेच यजमानीणबाईंबद्दल म्हटलं तर 'काय माल आहे' असला अर्थ. मी एकदा हे करून बसलोय, टेबलावर आधी शांतता आणि मग हशा! माणूस स्वभावाने चांगला म्हणायचा असेल तर 'एस' वापर, 'एस्ता' नाही (दोन्हींचा अर्थ 'आहे' असाच). आणि कोणी छान गायलं तर 'कांतास मुई बिएन'. तिथे 'बुएनो' चालत नाही.

'मुई एक्सेलेंते' टाळ. 'एक्सेलेंते'मध्ये 'अति' आधीच आहे, म्हणजे आपलं 'खूप सर्वोत्कृष्ट' झालं.

बोलीभाषेत 'झकास' म्हणायचं असेल तर मात्र देश बघून बोल. स्पेनमध्ये 'गुआय', मेक्सिकोत 'पाद्रे' किंवा 'चीदो', कोलंबियात 'चेवेरे', अर्जेंटिनात 'बार्बारो'. 'बार्बारो' म्हणजे शब्दशः रानटी, पण आपण नाही का झकास गोष्टीला 'खतरनाक' म्हणत? तसंच. ऑफिसच्या ईमेलमध्ये यातलं काहीच नको, तिथे 'एक्सेलेंते त्राबाखो' (उत्कृष्ट काम) पुरे.