सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, मेकॅनिक म्हणतो इंजिन काम (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती) काढा. काढू का?

लगेच हो म्हणू नका. तुम्ही लिहिलंय की पेट्रोल गाडी आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत, सकाळी थंड असताना काही नाही पण तासभर ट्रॅफिकमधे चालली की स्लोवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो, ऑइल पट्टीवर बरोबर आहे, आणि मेकॅनिकने ऑइलचं प्रेशर न मोजताच इंजिन खोलायचं ठरवलंय. मला ते शेवटचंच खटकलं. गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही की बेअरिंग गेलेत का काहीशे रुपयांचा सेन्सर गेलाय.

एक समजून घ्या, हा लाल दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, प्रेशर सांगतो. बऱ्याच गाड्यांत तो सेन्सर म्हणजे साधा स्विच असतो, प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की दिवा लावतो, म्हणजे दिवा खरा असेल तर प्रेशर जवळजवळ संपलेलंच आहे. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) बेअरिंगला टेकून फिरत नाही, मधे ऑइलचा पातळ थर असतो त्याच्यावर फिरतो, तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि मग काही मिनिटांत बेअरिंग धरतं. म्हणून चालत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला किंवा खालून खटखट आवाज आला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि टोइंग बोलवा. गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो, असं प्लीज करू नका, त्या दोन किलोमीटरमधेच क्रँक जातो.

माझ्या गाडीचं सांगतो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढत होतो, गाडी सेकंडला, इंजिन चांगलं रेसमधे, आणि दिवा लागला. थांबलो, पट्टी काढली, ऑइल वरच्या खुणेला. दहा मिनिटांनी परत चालू केली तर स्लोवर दिवा नाही. गाडी टोइंग करून गॅरेजला नेली, तिथे सेन्सर बदलला, दोन दिवस बरं वाटलं आणि हायवेला परत तेच. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, त्यांनी आधी सेन्सर काढून त्या जागी गेज लावला. स्लोला सुई बरी होती, तीन हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) रेस धरली तर वर जायच्या ऐवजी थरथरत खाली यायला लागली. ते लगेच म्हणाले, पंपाला ऑइल ओढता येत नाहीये, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवू.

चेंबर उतरवला. सहा महिने आधी गावच्या रस्त्यावर चेंबरला दगड लागला होता, तेव्हा एका ठिकाणी तो काढून ठोकून बसवला होता आणि सिलिकॉन (सांधा बंद करायची पेस्ट) भरमसाट लावलं होतं. दाबल्यावर बाहेर येतं तेवढंच आतही येतं ना. ते सुटून, पंप जिथून ऑइल ओढतो त्या स्ट्रेनरच्या जाळीवर येऊन बसलं होतं, लाल लाल शेवयांसारखं, मी एक नखाने ओढली तर रबरासारखी ताणत बोटभर लांब बाहेर आली. अर्ध्याहून जास्त जाळी बंद. जाळी साफ केली, चेंबर बारीक रेघ सिलिकॉन लावून बसवला, नवीन ऑइल आणि फिल्टर टाकला, तोच गेज परत लावला तर गरम स्लोला १.२ बार आणि तीन हजाराला साडेतीनच्या आसपास. इंजिनचा एकही बोल्ट खोलायला लागला नाही.

तुमचं लक्षण माझ्या उलट आहे, हे लक्षात घ्या. तुमचं गरम झाल्यावर स्लोला जातं आणि रेसला येतं. ऑइल गरम झालं की पातळ होतं, स्लोला पंप हळू फिरतो, अशा वेळी बेअरिंगमधे फट वाढली असेल तर तिथून ऑइल निसटतं. म्हणजे मेकॅनिकचा अंदाज चूक असेलच असं नाही, झीज असू शकते. पण हेच लक्षण पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) उघडा अडकला तरी येतं, ऑइल चुकीच्या ग्रेडचं (जाडीचं) असलं तरी, ऑइलमधे पेट्रोल उतरलं असलं तरी, आणि सेन्सर खराब असला तरी येतं.

म्हणून क्रम असा धरा. गाडी सपाट जागेवर, बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घालून बघा. पट्टीचा वास घ्या, पेट्रोलचा येतोय का, लेव्हल आपोआप वाढलीय का, ऑइल दुधाळ दिसतंय का (तसं असेल तर कूलंट मिसळतंय, तो वेगळा विषय). शेवटच्या सर्व्हिसला कुठला ग्रेड टाकला ते बिलावर बघा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. सेन्सरचा कनेक्टर काढा, आत ऑइल आलं असेल तर सेन्सर गेलाच समजा. मग गेज. थंडला रीडिंग, नंतर रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवून स्लोला आणि तीन हजाराला. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधे असतो, पण ढोबळ मानाने गरम स्लोला १ बारच्या आसपास आणि तीन हजाराला ३ च्या आसपास आलं तर इंजिन ठीक आहे, सेन्सर बदला. स्लोला अर्धा बार किंवा खाली आलं तर योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून परत मोजा, त्यानेही फरक नाही पडला तर चेंबर उतरवून जाळी, पंप आणि एखाद-दुसरं बेअरिंग कॅप खोलून बघा, आणि तेव्हा इंजिन कामाचं बोला.

कुणी २०डब्ल्यू-५० टाका म्हणेल. जाडं ऑइल टाकलं की दिवा विझतो, झीज तशीच चालू राहते. आणि जुन्या इंजिनमधे फ्लश (आतून धुवायचं औषध) मारू नका, गाळाचे गोळे सुटून सरळ जाळीवर जाऊन बसतात.

शनिवारी कोल्हापूरला हीच गाडी न्यायची का विचारलंत, गेज लागेपर्यंत नका नेऊ, एसटीने जा. तिन्ही रीडिंग आणि ऑइलचा ग्रेड इथे टाका, मी बघून सांगतो.