किणकिणत्या तारा: प्रश्न वाचकांचे

या वेळी फोक रॉक आणि जँगल पॉपविषयी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. गिटारीचं पत्र सर्वांत खोलात जाणारं होतं, म्हणून त्याचं उत्तरही लांबलं आहे.

बर्ड्स या बँडचं ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ ऐकलं आणि त्यातली गिटार डोक्यातून जाईना. या आवाजाला जँगल म्हणतात असं कळलं. म्हणजे नेमकं काय? आणि पुढे काय ऐकू? घरात अभंग आणि भावगीतं, इंग्रजी गाण्यांची फारशी सवय नाही.
– वाचक, सांगली

तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध असलेलं मिरज तुमच्या शेजारीच आहे, तेव्हा तंबोऱ्यापासून सुरुवात करू. जवारी नीट काढलेला तंबोरा छेडला की मूळ स्वराच्या अंगावर वरचे बारीक सूर चमकायला लागतात. जँगलमध्ये कान त्याच चमकेवर असतो. कॉर्ड (एकत्र जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ) धरायची, तारा एकदम न खरवडता सुट्या सुट्या छेडायच्या. पहिली तार विझायच्या आत दुसरी आणि तिसरी वाजलेली असते आणि त्यांची झणझण एकमेकींत मिसळते. हे नावही त्या गाण्यातल्याच एका शब्दावरून पडलं.

गाणं बॉब डिलनचं. बर्ड्सनी ते जानेवारी १९६५ मध्ये हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. बँडपैकी वाद्य वाजवलंय ते फक्त रॉजर मॅग्विनने, तीच तुमच्या डोक्यात बसलेली १२ तारांची रिकनबॅकर. बाकी साथ स्टुडिओतल्या व्यावसायिक वादकांची आहे. बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हातात अशी गिटार पाहून मॅग्विनने ती घेतली होती.

आता अल्बम. आधी बर्ड्सचेच १९६५ मधले दोन्ही ऐका. दुसऱ्याचं शीर्षकगीत ‘टर्न! टर्न! टर्न!’ तुम्हाला लगेच जवळचं वाटेल. त्याचे शब्द बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातून घेतले आहेत आणि त्यांना चाल पीट सीगरने लावली. धर्मग्रंथातलं वचन लोकगायकाच्या चालीतून घरोघर जाणं अभंग ऐकणाऱ्याला नवं नाही. तिसरा अल्बम ‘फिफ्थ डायमेन्शन’ (१९६६). त्यातल्या ‘एट माइल्स हाय’मधली गिटार जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि पंडित रविशंकर यांच्या रेकॉर्डिंगांच्या पारायणातून आली आहे. पहिल्यांदा ती बेसूर वाटेल, तरी दोन-तीन वेळा ऐका.

त्यानंतर इंग्लंडकडे वळा: फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा ‘अनहाफब्रिकिंग’ (१९६९), आणि तोही सँडी डेनीच्या आवाजासाठी. आवाज न चढवता गाणं भरून टाकणारी अशी गायिका या प्रकारात दुसरी नाही, असं आमचं मत आहे. मग मेम्फिसच्या बिग स्टारचा ‘नंबर वन रेकॉर्ड’ (१९७२). वितरण नीट झालं नाही, दुकानांत प्रतीच पोहोचल्या नाहीत आणि अल्बम त्या वेळी बुडाला. पुढच्या पिढीतल्या कितीतरी जँगल बँडांनी मात्र त्यालाच गुरू मानलं. त्यातलं ‘थर्टीन’ हे छोटंसं गाणं आधी लावा.

साठच्या दशकातली गाणी हेडफोनवर ऐकताना गिटार एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात येतं. लोकलमध्ये एकच इयरफोन लावला तर अर्धं गाणं गायब. फाइल खराब आहे का?
– वाचक, ठाणे

फाइल ठीक आहे. तेव्हा चार ट्रॅकच्या टेपवर सगळं बसवायचं आणि मुख्य लक्ष मोनोवर, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच येणाऱ्या आवाजावर असायचं. स्टिरिओ करताना वाद्यं एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला टाकून मोकळे व्हायचे. बीटल्सच्या ‘रबर सोल’ची मूळ स्टिरिओ आवृत्ती अशीच आहे.

उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, दोन्ही कानांत सगळं येईल. मोनो आवृत्ती वेगळी मिळत असेल तर तीच घ्यावी. दोन बाजू मागाहून एकत्र केल्या की मधला आवाज थोडा जड होतो. खऱ्या मोनोत तो तोल मुळातच नीट साधलेला असतो.

आणखी एक. ‘बास बूस्ट’ बंद करा. या गिटारीची चमक साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि फुगवलेला खर्ज तिला झाकून टाकतो. उलट स्वस्त इयरफोनमध्ये हाच पट्टा टोचतो, दहा मिनिटांत कान दुखायला लागतात. तसं झालं तर इक्वलायझरमध्ये ३-४ किलोहर्ट्झ दोन-तीन डेसिबलने खाली घ्या. त्याहून जास्त उतरवलंत तर गिटार घोंगडीखाली ठेवल्यासारखी वाटेल.

माझ्याकडे सहा तारांची साधी इलेक्ट्रिक गिटार आणि १५ वॅटचा अँप आहे. कॉर्ड येतात, पण किणकिण येत नाही, नुसता खडखडाट होतो. १२-तारी घ्यावीच लागेल का?
– विद्यार्थिनी, नाशिक

नको. आधी आहे तीच बोलती करू.

तारा किती जुन्या आहेत? घाम आणि गंज बसला की तारेतले वरचे सूर सगळ्यात आधी मरतात, आणि आपल्याला तेच हवेत. ०.०१० इंचाचा नवा संच चढवा. पिक पातळ, ०.६ ते ०.७३ मिलिमीटर. अँपवर गेन इतका कमी की जोरात छेडलं तरी आवाज फाटू नये. बास पाव, ट्रेबल अर्ध्याच्या थोडं वर, पिकअप ब्रिजकडचा. खडखडाटाचं कारण बहुधा गेनच असेल. कॉर्डमधले जवळजवळचे सूर डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्यात भलतेच सूर तयार होतात आणि चिखल होतो.

आता डावा हात. शिकणारे हमखास चुकतात ते इथे: एक सूर वाजला की ते बोट उचलतात. बोट उचललं की तार विझते आणि मग किणकिण कुठून येणार? अख्खी कॉर्ड धरून ठेवा. डी कॉर्ड धरा आणि तारा या क्रमाने छेडा: ४-३-२-३-१-३-२-३. मेट्रोनोम ७० वर, एका ठोक्याला दोन सूर. चौथी तार पुढच्या फेरीपर्यंत ऐकू येत राहिली पाहिजे. ती मध्येच बंद पडत असेल तर तिसऱ्या तारेवरचं बोट आडवं पडून तिला टेकतंय, बोटाचं टोक उभं करा. सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं की हळूहळू ११०-१२० पर्यंत न्या.

पुढची पायरी म्हणजे कॉर्ड बदलताना काही बोटं हलवायचीच नाहीत. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्याच पडद्यात रोवून ठेवा. उरलेल्या दोन बोटांनी जी आणि सी-अ‍ॅड-नाइन या दोन्ही कॉर्ड होतात. डीवर जाताना अनामिका तिथेच राहते. करंगळी ठेवली तर डी-सस-फोर, उचलली तर साधी डी. वरचे सूर तसेच वाजत राहतात, खाली कॉर्ड बदलत जातात. या प्रकारातली निम्मी जादू एवढ्यातच आहे.

कॅपोही घ्या. सातव्या पडद्यावर लावून डीचा आकार धरला की ए कॉर्ड मिळते. हॅरिसनच्या ‘इफ आय नीडेड समवन’ची गिटार याच जागेवर आहे. कॅपो पडद्याच्या अगदी लगत लावा. मधोमध लावला तर तारा ओढल्या जाऊन चढ्या बोलतात.

मग कॉम्प्रेसर. मॅग्विनचा सूर लांबत जातो तो यामुळेच. हे यंत्र जोराचा आवाज दाबतं आणि विझता आवाज वर उचलतं. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, अटॅक (दाबायला सुरुवात होण्याचा वेळ) जरा सावकाश, २०-३० मिलिसेकंद. अटॅक फार जलद ठेवलात तर पिकचा पहिला ‘टण’च चिरडला जातो आणि आवाज मऊ पडतो. कॉम्प्रेसर अँपमधली विजेची गुणगुणही वर आणतो. घरातलं अर्थिंग कच्चं असेल तर ती फार जाणवेल. आधी अर्थिंग पाहून घ्या, मग पेडल विकत घ्या.

१२ तारांचा भास हवाच असेल तर १२-तारीचा संच आणून त्यातल्या फक्त बारीक तारा खालच्या चार जागी चढवा: ई ०.०२७, ए ०.०१८, डी ०.०१२, जी ०.००९ इंच, संचानुसार थोडा फरक. या चारही तारा नेहमीपेक्षा एक सप्तक वर लावायच्या. तोच भाग आधी साध्या तारांवर आणि मग यांवर फोनमध्ये मुद्रित करून दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा. दोन सावधानता. सप्तकभर वर गेलेली जीची तार तुटायच्या काठावर असते, म्हणून ती सावकाश चढवा, चेहरा बाजूला ठेवून. आणि एकूण ताण कमी झाल्याने मान मागे वाकते, तारा पडद्यांवर बडबडतात. ट्रस रॉड (मानेतला, तिचा बाक सावरणारा धातूचा दांडा) एका वेळी फार तर पाव फेरा सैल करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

आर. ई. एम.चा ‘मर्मर’ सगळे डोक्यावर घेतात, पण मला शब्दच कळत नाहीत. माझं इंग्रजी कच्चं आहे का?
– वाचक, पुणे

इंग्रजीचा दोष नाही. अमेरिकेतल्या अथेन्स, जॉर्जियाच्या या बँडने १९८३ च्या या पहिल्या अल्बममध्ये मायकेल स्टाइपचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही खाली ठेवला आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही त्यावर वाद घालतात. शब्दांचा पाठलाग सोडा. पहिल्या वेळी पीटर बकची सुटी सुटी गिटार ऐका, दुसऱ्या वेळी माइक मिल्सचा बास, जो खाली ठेका धरता धरता स्वतःची चाल गातो. ‘टॉक अबाउट द पॅशन’पासून सुरू करा. शब्द हवेच असतील तर याच बँडचा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) घ्या, तिथे आवाज पुढे आहे.

शब्दांवर प्रेम करणाऱ्यांसाठी आमची खरी शिफारस ब्रिस्बेनच्या गो-बिटवीन्सची: ‘१६ लव्हर्स लेन’ (१९८८). रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मक्लेनन हे दोघे गीतकार, दोघांचे स्वभाव वेगळे. तो आवडला तर मागे जाऊन ‘बिफोर हॉलिवूड’ (१९८३) मधलं ‘कॅटल अँड केन’ ऐका. त्याचा ठेका चारात मोजायला गेलात तर चुकाल.

नोकरीसाठी ग्लासगोत आहे. संध्याकाळी चारला अंधार होतो. इथलंच काही सुचवाल का, शांत असं?
– वाचक, ग्लासगो

तुम्ही तर माहेरघरीच आहात. ऑरेंज ज्यूस आणि अ‍ॅझ्टेक कॅमेरा हे दोन्ही बँड ग्लासगोच्या पोस्टकार्ड रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीतून पुढे आले. अ‍ॅझ्टेक कॅमेराचा ‘हाय लँड, हार्ड रेन’ (१९८३) आला तेव्हा त्यांचा गायक-गिटारवादक रॉडी फ्रेम १९ वर्षांचा होता. गाव शेजारचंच, ईस्ट किलब्राइड. त्या वयात इतक्या अवघड कॉर्ड इतक्या सहज वाजवणं विरळा. टीनेज फॅनक्लबचा ‘साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन’ (१९९७) सकाळी कामावर जाताना लावा. तिघे गीतकार, प्रत्येकाची चार गाणी, आणि सगळे मिळून गातात तेव्हा अंगात ऊब येते.

अंधार पडल्यावर निक ड्रेकचा ‘पिंक मून’ (१९७२). हा इंग्लंडचा, पण चालेल. लंडनमध्ये दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झालेला, २८ मिनिटांचा, फक्त आवाज आणि गिटार. शीर्षकगीतात तेवढी पियानोची एक छोटी ओळ येते. त्या गाण्यात गिटार सी-जी-सी-एफ-सी-ई अशी लावली आहे, म्हणून खालचे सूर विहिरीतून आल्यासारखे वाटतात.

आणि व्हॅश्टी बन्यनचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ (१९७०). १९६८ मध्ये ती लंडनहून घोडागाडीने स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे निघाली आणि यातली बरीच गाणी त्या वाटेवर सुचली. अल्बम तेव्हा जेमतेम विकला गेला आणि तिने गाणं सोडलं. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, नव्या पिढीने तो उचलला आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला, ‘लुकआफ्टरिंग’. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. मध्ये ३५ वर्षं गेली, आवाज तसाच हलका राहिला आहे. उन्हाळ्यात स्कायला जाल तेव्हा पहिला सोबत न्या.