लुटून नेलेल्या कलावस्तू संग्रहालयांनी परत द्याव्यात का?

तुमचा प्रश्न असा आहे: साम्राज्यांच्या काळात नेलेल्या कलावस्तू युरोपातल्या संग्रहालयांनी परत द्याव्यात का, आणि दिल्या तर त्या तिकडे नीट राहतील याची खात्री काय? मी काही वर्षं एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात होते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि नोंदवहीत तिची एक ओळ असते. वस्तू काय, कुठली, कधी आली, कशी आली. यातला शेवटचा रकाना फारसं कुणी वाचत नाही. एकदा माझ्याकडे वीतभर उंचीची एक लाकडी मूर्ती आली. कार्डावर ‘भेट’ असं लिहिलेलं. जुनी नोंदवही काढली. तिची पानं इतकी ठिसूळ झाली होती की पट्टी सरकवून उलटावी लागत होती. त्याच क्रमांकासमोर एका लष्करी मोहिमेचा उल्लेख सापडला. भेट खरीच होती, पण ती दिली होती मोहिमेवरून परतलेल्या अधिकाऱ्याच्या वारसांनी. मूर्ती ज्यांची होती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. फलकावर हे लिहूया का, असं मी वरिष्ठांना विचारलं. ‘भेट’च राहू दे, उगाच प्रश्न नकोत, असं उत्तर मिळालं. तो फलक मीच छापायला पाठवला. ते मला अजून टोचतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लूट झाल्याचं कागदावर दिसत असेल तर वस्तू परत द्यावी, आणि देताना अटी घालू नयेत.

बेनिनचं उदाहरण घ्या. आजच्या नायजेरियातलं हे जुनं राज्य. फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने ते जिंकलं, राजवाडा लुटला आणि राजाला हद्दपार केलं. तिथल्या ओतीव पट्टिका, मुखवटे, हस्तिदंत यांतलं बरंच काही मोहिमेचा खर्च भरून काढण्यासाठी विकलं गेलं, बरंच अधिकाऱ्यांनी स्वतःकडे ठेवलं. या वस्तूंना सगळे ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात, पण त्यातल्या बहुतेक पितळेच्या आहेत. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ती पद्धत. पट्टिकांच्या कडेला खिळ्यांची भोकं दिसतात, कारण एके काळी त्या राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेल्या होत्या. राजा, योद्धे, पोर्तुगीज व्यापारी, दरबारातले विधी असं सगळं त्यांच्यावर आहे. या राज्याने आपला इतिहास पितळेत ओतून ठेवला होता आणि आज त्याची पानं जगभर विखुरली आहेत. 2022 मध्ये बेनिनच्या वस्तूंची एक सामाईक डिजिटल सूची खुली झाली, तेव्हा तिच्यात 20 देशांतल्या 131 संस्थांकडच्या पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या.

‘कायदा परवानगी देत नाही’ असं सांगितलं जातं. ब्रिटिश म्युझियमला 1963 च्या कायद्याने वस्तू देऊन टाकण्याची जवळजवळ मुभाच नाही, हे खरं. पण 2004 मध्ये मानवी अवशेष परत करता यावेत म्हणून आणि 2009 मध्ये नाझींनी लुटलेल्या वस्तूंसाठी त्याच देशाच्या संसदेने वाट काढून दिली. म्हणजे मनात आलं की कायदा बदलतो. फ्रान्सने तर 2020 मध्ये खास कायदाच केला आणि 1892 मध्ये आबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या 26 वस्तू पुढच्याच वर्षी परत पाठवल्या. (आबोमे आजच्या बेनिन देशात आहे; नाव तेच, पण हा देश वरच्या बेनिन राज्याहून वेगळा. नायजेरियाचा शेजारी.)

आता सुरक्षिततेचं. ही काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दमट हवा, वाळवी, निधीचा तुटवडा हे सगळं मी जवळून पाहिलंय. पण 2023 मध्ये खुद्द ब्रिटिश म्युझियमलाच मान्य करावं लागलं की त्यांच्याकडच्या सुमारे दोन हजार वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा खराब झाल्या आहेत. त्यातल्या अनेकांची पक्की नोंदच नव्हती. आणि मुळात दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात ठेवून ‘तुमच्या घराला कुलूप नीट आहे का’ असं विचारण्याचा अधिकार कुणाला असतो? 1977 मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव भरला, तेव्हा नायजेरियाने जुन्या बेनिनची राजमाता इडिया हिचा हस्तिदंती मुखवटा ब्रिटिश म्युझियमकडे मागितला होता. महोत्सवाचं बोधचिन्हच तो मुखवटा होता. तो आला नाही.

‘उसना देतो’ हाही तोडगा मला पटत नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत; त्यांच्याबाबत ग्रीस तो का नाकारतो ते समजून घ्या: उसनं घेतलं म्हणजे मालक म्युझियमच, हे मान्य केल्यासारखं होतं.

मला खरी अडचण वाटते ती पुढची. परत द्यायचं, पण कुणाच्या हातात? जर्मनीने 2022 च्या डिसेंबरात बेनिनच्या वीसेक वस्तू नायजेरियाच्या सरकारला दिल्या. तीनच महिन्यांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अशा वस्तूंची मालकी बेनिनच्या राजाकडे, म्हणजे ओबाकडे असल्याचं जाहीर केलं आणि जर्मनीत गदारोळ झाला. तिकडे अमेरिकेत गुलामांच्या वंशजांच्या एका गटाने परत देण्यालाच हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, हे पितळ बेनिनच्या राजांनी युरोपीय व्यापाऱ्यांना माणसं विकून मिळवलेल्या धातूच्या कड्यांचं आहे, मग आमचा वाटा कुठे? हा प्रश्न ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा वाद ओबा, नायजेरिया आणि त्या वंशजांनी आपसात घालावा; तो मिटेपर्यंत वस्तू आमच्याकडेच, असं लुटीचा माल बाळगणाऱ्याने म्हणू नये.

सगळंच परत जावं असंही नाही. रीतसर विकत घेतलेलं, खुशीने दिलेलं, अदलाबदलीत आलेलं पुष्कळ असतं आणि ते जगभर दिसावं असंच मला वाटतं. फरक कळतो तो त्या शेवटच्या रकान्यातूनच. बेनिनची ती सूची कुणालाही पाहता येते. तिच्यातली एखादी पट्टिका उघडा आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली ते वाचा. मग तुमच्या जवळच्या संग्रहालयात जाऊन एखाद्या काचपेटीसमोर उभे राहा आणि तिथल्या माणसाला विचारा, ‘ही वस्तू इथे कशी आली?’ मला माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न एकाही पाहुण्याने विचारला नाही. विचारला असता तर तो फलक बदला म्हणून मी पुन्हा वरिष्ठांकडे गेले असते.