कठीण पेपरात काय सोडायचे

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, निकालपत्रक, दोन्ही सावकाश वाचले. अंबडच्या कारखान्यातील पाळ्या सांभाळून एमबीए प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेचा अभ्यास करणे किती जिकिरीचे असते, हे तू लिहिले नसतेस तरी कळले असते. मात्र पेपर फार अवघड निघाला, म्हणजे ही परीक्षा आपल्या आवाक्याबाहेरची आहे, हा जो निष्कर्ष तू काढला आहेस तो मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे तुझ्याच निकालपत्रकावरून दाखवता येते.

पेपर अवघड निघाला की तो सगळ्यांनाच अवघड निघतो. कॅटमध्ये शेवटी हाती येते ते पर्सेंटाइल, म्हणजे तुझ्या मागे किती टक्के परीक्षार्थी आहेत याचा हिशेब. वेगवेगळ्या सत्रांतील पेपर कमीअधिक कठीण असतात म्हणून गुणांचे समायोजनही केले जाते. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न आणि २०४ गुण होते. अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास राहूनही मुले ९९ पर्सेंटाइलच्या घरात पोचली आहेत. दहावी-बारावीत नव्वद टक्क्यांची सवय झालेल्या आपल्या मुलांना हेच पचत नाही. समोरचा निम्मा पेपर कोरा ठेवणे त्यांना नापास होण्यासारखे वाटते.

आता तुझा क्वांटचा, म्हणजे गणिताचा, विभाग पाहू. २२ पैकी १७ प्रश्न तू सोडवलेस, ८ बरोबर आले, ९ चुकले, आणि चुकलेले सगळे बहुपर्यायी प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीला उणे १ या हिशेबाने २४ मधून ९ वजा जाऊन हाती १५ राहिले. चुकलेल्या नऊपैकी सहा प्रश्नांना तू हातच लावला नसतास, तर तेवढ्याच ज्ञानावर २१ गुण झाले असते, शिवाय त्या सहा प्रश्नांत गेलेला वेळ उरला असता तो वेगळाच. त्या वेळात न पाहिलेल्या पाच प्रश्नांपैकी एखादा शेकडेवारीचा किंवा काळ-काम-वेगाचा सोपा प्रश्न नक्की सापडला असता, कारण हा विभाग काठिण्यपातळीच्या चढत्या क्रमाने लावलेला नसतो आणि अंकगणितावरचे प्रश्न त्यात भरपूर असतात. म्हणून पहिल्या फेरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे प्रश्न नजरेखालून घालावेत, वाचताक्षणी वाट दिसली तेवढेच सोडवावेत, आणि बाकीच्यांकडे दुसऱ्या फेरीत वळावे. अंदाजाने उत्तर द्यायचे की नाही, याचाही साधा हिशेब आहे. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरी फायदा शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर पारडे थोडे तुझ्या बाजूला झुकते. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर टंकित करायचे असते, तिथे चुकीला दंडच नाही. तिथे मनात काही उत्तर आले असेल तर ते न लिहिण्याला अर्थ नाही.

खरी कसोटी डीआयएलआरची, म्हणजे तक्ते वाचून तर्काने प्रश्न सोडवण्याच्या विभागाची, आणि तुझी गाडीही तिथेच अडली आहे. ४० मिनिटे, २०२४ मध्ये ५ सेट (एकाच माहितीवर आधारलेले प्रश्नगट) आणि २२ प्रश्न. हा वेळ दुसऱ्या विभागाकडून उसना घेता येत नाही. पहिल्याच सेटमध्ये तू २१ मिनिटे घालवलीस, असे निकालपत्रक सांगते. तो सेट वाईट होता असे मी म्हणत नाही, पण तो सोडून देण्याची वेळ तू ठरवलेली नव्हतीस. सेट निवडायचा कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. समज, लासलगावच्या बाजारात पाच व्यापाऱ्यांनी सोमवार ते शुक्रवार किती क्विंटल कांदा घेतला याचा तक्ता दिला आहे. बऱ्याच जागा रिकाम्या आहेत, पण प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज दिलेली आहे. एखाद्या ओळीत चार आकडे असले की पाचवा लगेच निघतो, त्याने एक स्तंभ पुरा होतो, आणि तिथून पुढची जागा उघडते. आता तोच तक्ता, पण बेरजा नाहीत, आणि अटी अशा की ‘पहिल्याने दुसऱ्यापेक्षा जास्त माल घेतला असेल तर तिसऱ्याने बुधवारी खरेदी केली नाही’. अशी प्रत्येक अट दोन शक्यता निर्माण करते. तीन अटींत आठ शक्यता होतात आणि कागद भरून जातो. दिसायला दोन्ही सेट सारखेच, किंबहुना दुसऱ्यात आकडे कमी म्हणून तोच सोपा वाटतो. तेव्हा पहिली पाचसहा मिनिटे सगळे सेट वाचण्यात घालव आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: एखादी जागा आत्ताच, कोणतीही शक्यता न धरता, पक्की भरता येते का? जिथे येते ते दोन सेट आधी घे. ते नीट सुटले आणि तिसऱ्यातला एखादा प्रश्न जमला, तरी विभाग चांगला गेला असे समज. दहा मिनिटांत सेट उलगडायला लागला नाही तर पेन खाली ठेवायचे, मग त्यात कितीही मेहनत गेलेली असो. एक सवलत मात्र लक्षात ठेव. सेटमधला एखादा प्रश्न ‘समजा, अमुक असेल तर’ अशी जादा अट घेऊन येतो. मूळ तक्ता अपुरा राहिला तरी तेवढा प्रश्न त्या जादा अटीच्या बळावर कधी कधी सुटतो.

इंग्रजीच्या विभागाबद्दल तुला उगाच भीती आहे. मराठी माध्यमाचे कारण तू पुढे केले आहेस, पण त्या विभागात शब्दसंग्रहापेक्षा उताऱ्यातील युक्तिवाद धरता येणे मोलाचे असते, आणि तुझे गुण तिथे सर्वांत बरे आहेत. रोज एक लांब इंग्रजी लेख, शक्यतो आपल्याला रस नसलेल्या विषयावरचा, वाचत राहा. तेवढे पुरे.

तू महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीविषयीही विचारले आहेस. मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या व्यवस्थापन संस्थेसाठी ती परीक्षा द्यायलाच हवी; मात्र कॅटसाठी अंगी बाणवलेली सोडून देण्याची सवय तिथे नडते. २०० प्रश्न, १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. पाच पर्याय, आणि चुकीला दंड नाही. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे गुण रस्त्यावर टाकणे होय. शेवटी ३० प्रश्न उरले आणि ते न वाचता भरले तरी सरासरी ६ गुण पदरात पडतात. म्हणून शेवटची काही मिनिटे केवळ त्यासाठी राखून ठेवावीत. कॅट झाल्यानंतर सीईटीच्या मॉकमध्ये काहीही कोरे न ठेवण्याची सवय मुद्दाम नव्याने लावावी लागेल. दोन्हींचे मॉक एकाच आठवड्यात देत बसू नकोस.

यापुढे मॉकची संख्या वाढवण्याऐवजी प्रत्येक मॉकनंतर तेवढाच वेळ त्याच्या चिकित्सेला दे. एका वहीत तीन रकाने आख: येत असून सोडलेले प्रश्न, येत नसताना अडकून बसलेले प्रश्न, आणि रीत बरोबर असून आकडेमोडीत चुकलेले प्रश्न. माझा अंदाज असा की तुझा मधला रकाना सर्वांत लांब निघेल. रात्रपाळीच्या आठवड्यात मॉक देऊ नकोस. त्या थकव्याचे गुण तुझी तयारी सांगत नाहीत. अर्ज भरताना केंद्रासाठी नाशिकलाच पहिली पसंती दे, पुण्या-मुंबईच्या प्रवासात आदली रात्र घालवण्याचे कारण नाही. पुढचे दोन मॉक झाले की वही घेऊन रविवारी सकाळी घरी ये. डीआयएलआरचे सोडलेले सेट आपण दोघे मिळून बसून पाहू.

तुझा हितचिंतक